जुन्या टॉवरमधलं ऐसपैस घर कुठून आलं?

पेडर रोड, नेपियन सी रोड किंवा कफ परेडच्या जुन्या टॉवरमधला रिसेलचा फ्लॅट पाहायला गेलं की आजी-आजोबा, मुलं, पाहुणे सगळे मावतील असं घर समोर येतं. रुंद पॅसेज, बसून जेवता येईल एवढं स्वयंपाकघर, वारा आरपार जाणाऱ्या खिडक्या. अशी घरं मुंबईत एका ठरावीक काळातच का बांधली गेली, हे घेणाऱ्यानं समजून घ्यावं, कारण त्या काळाची कागदपत्रंही घराबरोबर पदरात पडतात.

सुरुवात भाड्यापासून झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्यासाठी इमारत बांधणं परवडेनासं झालं, पागडी (घर भाड्यानं देताना वरून घेतली जाणारी रोख रक्कम) बोकाळली आणि बिल्डर फ्लॅट विकू लागले. ‘ओनरशिप’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी रुळला तो तेव्हा. त्यात फसवणूकही पुष्कळ झाली, म्हणून १९६३ चा ‘मोफा’ म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरनं किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये आणि पुढे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यावी, असं त्यानं बजावलं.

याच दशकात कारमायकल रोडवर २५ मजल्यांची ‘उषा किरण’ उभी राहिली. तिकडे बॅकबेत भराव पडून नरिमन पॉइंट आणि कफ परेडची जमीन तयार होत होती. (१९२० च्या दशकातल्या बॅकबे भरावातला घोटाळा ज्यांनी चव्हाट्यावर आणला, त्या खुर्शेद नरिमन यांचंच नाव या जागेला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.) ही जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. तिथं घर घेताना पट्ट्याच्या अटी आधी वाचाव्यात.

या सगळ्यात माझं मन रमतं ते वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या ‘कांचनजंगा’पाशी. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत घरं फक्त ३२, तीन ते सहा बेडरूमची. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा फिरवून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला. इमारतीचे कोपरे कापून दोन मजले उंचीच्या बागा केल्या आणि खोल्या त्यांच्या आडोशाला ठेवल्या. रस्त्यावरून मान वर केली तर ते कोपरे आजही मोकळे दिसतात.

मग जागा आक्रसली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं मुंबईत मोकळ्या जमिनीला ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, पण पुष्कळ जमीन वादांत अडकून पडली. महाराष्ट्रात तो रद्द व्हायला २००७ उजाडलं. १९९१ च्या विकास नियमावलीनं मुंबई शहरात (उपनगरांत नव्हे) एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, १.३३ ठरवला. जमिनीचा भाव चढत गेला, तशा खोल्या लहान होत गेल्या.

आता कागद. जुन्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन पाहा. प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच शेअर, सोसायटीचा शिक्का, आणि मागच्या बाजूला आधीच्या प्रत्येक मालकाची हस्तांतरणाची नोंद. प्रत्येक नोंदीमागचा करार मागून घ्या. डिसेंबर १९८५ च्या आधीचे करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर असले तर दचकू नका, कारण तेव्हा रीतच तशी होती. क्षेत्रफळ मात्र स्वतः मोजून घ्या. कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, आजची व्याख्या २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याची आहे, जुने करार ज्याच्या त्याच्या मापानं लिहिलेले.

इमारत तिशी ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, सळ्या गंजून फुगतात आणि वरचा थर सुटतो. बाथरूमचं छत आणि गॅलरीचा खालचा भाग बोटानं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ऑडिटचा अहवाल आणि दुरुस्ती निधीचा हिशेब सोसायटीकडून मागवा.

आणि प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा, काढा. मोफानं सांगूनही कित्येक बिल्डरांनी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीचं सोसायटीच्या नावे हस्तांतरण, केलंच नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आणावी लागली. चाळीस वर्षं मेंटेनन्स भरलेल्या सोसायटीच्या कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव सापडू शकतं.