धुरांड्यांना गाळण्या लावल्या की झालं?

“धुरांड्यांना गाळण्या बसवा, राज्याची हवा मानकात बसेल,” असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. डोळ्यांना धूरच दिसतो, त्यामुळे तो पटतोही. गाळण्या हव्यातच. पण २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा मोठा वाटा धुरांड्यातून कण म्हणून बाहेर पडतच नाही. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि शेतीतला अमोनिया यांच्यापासून तो हवेतच तयार होतो, कधी उगमापासून शेकडो किलोमीटर दूर. म्हणून मानक कडक झालं की हे वायूही घटवावे लागतात, आणि तेही शेजारी राज्यांना सोबत घेऊन. माझ्या मते खरं अवघड काम हेच. पडताळायचं असेल तर कणांच्या रासायनिक पृथक्करणाचे अहवाल पाहा. या वायूंपासून बनलेलं सल्फेट, नायट्रेट, अमोनियम किती, ते त्यात असतं. ओझोनचे तासागणिक आकडेही बघा: धुरांड्यातून थेट न सुटणारा, हवेतच तयार होणारा हा वायू उन्हाच्या दुपारी चढलेला दिसेल.