मख्ख चेहरा आणि ‘आयफोन फेस’

२०२५च्या जुलैमध्ये ‘जेन झी स्टेअर’ हा शब्दप्रयोग इंटरनेटवर गाजला. १९९७ नंतर जन्मलेल्यांना काही विचारलं तर उत्तराआधी ते नुसते ढिम्म बघत राहतात, अशी मोठ्यांची तक्रार. मुलं म्हणतात, प्रश्नच असे येतात की बोलावं काय! ‘आयफोन फेस’ त्याआधीपासून चर्चेत होता. म्हणजे ऐतिहासिक चित्रपटात पोशाख दोनशे वर्षांपूर्वीचा, पण नटीकडे बघून वाटतं, हिने मोबाइल पाहिलाय.

तरुणांबद्दलची कुरकुर जुनीच आहे. (आजची मुलं उर्मट झाली, हे सॉक्रेटिसच्या नावावर फिरणारं वाक्य मात्र त्याचं नाही, ते केंब्रिजमधल्या १९०७च्या एका प्रबंधातून आलंय.) गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलची तक्रार नेमकी उलटी होती: तरुणांना भावना आवरत नाहीत, ते सगळ्याचाच अतिरेक करतात.

चेहऱ्यावर किती दाखवायचं, याचे नियमही बदलत गेले. १७८७मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात चित्रकार व्हिजे ल ब्रँ हिने स्वतःचं हसरं चित्र मांडलं. त्यात किंचित दात दिसले, तेवढ्यावरून शिष्टजन बिथरले. १८३९मध्ये छायाचित्रण जाहीर झालं तेव्हा एका फोटोसाठी काही मिनिटं लागत; तेवढा वेळ हसू धरून ठेवणं कठीणच. पुढे हा वेळ कमी झाला, तरी फोटोत गंभीर राहण्याची रीत टिकली. म्हणून पणजोबांच्या पिढ्या आपल्याला उगाच करारी वाटतात. १९००मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला, घरोघरी फोटो निघू लागले आणि पुढे हसरा चेहरा हाच ‘नॉर्मल’ ठरला. आज मख्खपणा खटकतो तो या मापाने.

नटांचं प्रकरण थोडं वेगळं. हॉलिवूडमध्ये दातांवर कृत्रिम पापुद्रे चढवण्याची सुरुवात १९३०च्या आसपासची. २००२मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला (स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनला) मान्यता मिळाली. २०१०मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला, त्याच वर्षी इन्स्टाग्राम. मग एकसारखे पांढरे दात, भरलेले ओठ आणि गुळगुळीत कपाळ सगळीकडे दिसू लागलं. ज्या कपाळाला आठीच पडत नाही, ते जुन्या काळातलं दुःख दाखवणार कसं? इथे तक्रारीत तथ्य आहे, असं मला वाटतं. पण ‘पूर्वी असं नव्हतं’ हे मान्य नाही. १९६३च्या ‘क्लिओपात्रा’त एलिझाबेथ टेलरच्या डोळ्यांचा मेकअप साठच्या दशकाचाच होता, तेव्हाच्या प्रेक्षकांच्या नजरेला तो सवयीचा, एवढंच.

राहिला मख्ख चेहरा. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने मोझुखिन या नटाचा एक तयार निर्विकार शॉट वापरला आणि त्याला कधी सूपचं ताट, कधी शवपेटी, कधी खेळणारी मुलगी जोडली. प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला, वात्सल्य दिसलं. काय सुरेख अभिनय, असं ते म्हणाल्याचं कुलेशोव्हचा शिष्य पुडोवकिन सांगतो. चेहरा तिन्ही वेळा तोच होता.