खोटी केस वेगळी, बेकायदा अटक वेगळी

“आधी निर्दोष सुटतो, मग पोलिसांवर दावा ठोकतो.” अटक झालेल्या माणसाकडून हे ऐकलं की मला काळजी वाटते, कारण तोवर अर्धा हक्क हातचा गेलेला असतो.

खोटी केस सगळ्यांना कळते: गुन्हा केलाच नाही, तरी नाव गोवलं. मग एफआयआर रद्द करायला उच्च न्यायालयात जा, किंवा खटला लढून सुटा.

बेकायदा अटकेत मात्र तुम्ही गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच नसतो. पाहायचं असतं ते पोलिसांनी अटक कशी केली एवढंच. ज्याच्यावरचा आरोप खरा आहे त्याचीही अटक बेकायदा ठरू शकते. उलट वाजवी संशय असेल, नियम पाळले असतील, तर पुढे निर्दोष सुटलेल्या माणसाची अटकही कायदेशीरच राहते. म्हणून निकालपत्रात ‘निर्दोष’ आलं की भरपाई आपोआप मिळते, हा समज सोडा. अटक बेकायदा ठरली की केस संपली, हाही सोडा. माणूस सुटतो, तपास चालूच राहतो, आणि कारणं रीतसर देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

अटक तपासायच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणं सांगायची, वकील भेटू द्यायचा, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याच्या नोटिशीचा विचार करायचा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५), आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती हे लिहून ठेवायचं. कारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीच्या हिट अँड रन प्रकरणातून आलेल्या अपिलावर, नियम पक्का केला: कोणताही गुन्हा असो, कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. ताबडतोब देणं शक्य नसेल तर निदान रिमांडच्या (कोठडी द्यायची का, हे मॅजिस्ट्रेट ठरवतात त्या सुनावणीच्या) दोन तास आधी. ‘पुढील तपासासाठी’ असं छापील फॉर्मवर लिहिणं म्हणजे कारण देणं नव्हे. या माणसाविरुद्ध नेमकं काय आहे, ते त्यात दिसलं पाहिजे.

हे सगळं बोलायची जागा म्हणजे पहिला रिमांड. तिथे नुसता जामीन अर्ज टाकून मोकळे होणारे वकील मला अजिबात पटत नाहीत. जामीन म्हणजे अटींवर सुटका. अटक चूक की बरोबर, यावर त्यात निर्णय होतोच असं नाही. अटकेवरचा आक्षेप लेखी द्या, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवून घ्या, रिमांडच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. प्रत्यक्ष किती वाजता उचललं तेही सांगा, कारण स्टेशन डायरीतली वेळ पुष्कळदा उशिराची असते.

आता मुदतीचं. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळतं आणि ते बंदिवास संपल्यापासून मोजतात. द्वेषबुद्धीने खटला भरल्याच्या दाव्यालाही वर्षच, पण निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्यथा संपल्यापासून. खटला सहा-सात वर्षं चालला तर पहिला दावा केव्हाच मुदतबाह्य झालेला असतो. त्यात सरकारी अधिकाऱ्यावर दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून तयारी कोठडीतून सुटल्या दिवसापासूनच करा.

मूलभूत हक्कांच्या उघड भंगाबद्दल रिट याचिकेतही (थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात करायच्या अर्जातही) भरपाई मिळू शकते. १९८३ मध्ये रुदुल साह यांना, निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात ठेवल्याबद्दल, ती मिळाली. १९९४ मध्ये अटक झालेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. विनाकारण अटक करवणाऱ्या तक्रारदाराकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली मिळणारी रक्कम मात्र जास्तीत जास्त १,००० रुपये आहे. तिच्यामागे धावू नका.