स्प्लिटर हळू चालतो? आधी घड्याळ लावा
ट्रॅक्टरवर चालणारे हायड्रॉलिक लाकूड-फोडणी यंत्र (स्प्लिटर) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"जरा प्रेशर वाढवून द्या, फार रखडतो." स्प्लिटर घेऊन येणाऱ्या बहुतेकांची मागणी हीच असते, आणि तिला आम्ही नाही म्हणतो. रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे तेलाच्या दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू आवळला की दाब वाढतो, म्हणजे जोर वाढतो. रॉड मात्र पूर्वीच्याच चालीने पुढे येतो. त्याची चाल ठरते ती मिनिटाला किती लिटर तेल सिलिंडरमध्ये शिरते यावर. ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब वाढवला तर होज फुटेल, सील जातील आणि वेळ होता तेवढाच लागेल.

हिशेब सोपा आहे. समजा सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १०० मिमी, रॉड ५० मिमी आणि स्ट्रोक (दट्ट्याची पूर्ण धाव) ६० सेंमी. दट्ट्या पूर्ण बाहेर यायला ४.७ लिटर तेल लागते. परत जाताना रॉडने जागा अडवलेली असते, म्हणून ३.५ लिटर पुरते. ट्रॅक्टर मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल तर जायला साडेनऊ सेकंद, यायला सात. म्हणजे एका फेरीला साडेसोळा सेकंद. १८० बार दाबाला हाच सिलिंडर सुमारे १४ टनांचा जोर लावतो. जोर भरपूर आहे, कमी आहे ते तेल.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी लाकूड न ठेवता यंत्र चालवा आणि मोबाइलच्या घड्याळावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा मोजा. तेल गरम झाल्यावर मोजा, थंड तेल घट्ट असते. मोजलेला वेळ हिशेबाच्या आसपास असेल तर यंत्र ठणठणीत आहे, जास्त वेग हवा असेल तर जास्त तेल द्यावे लागेल. वेळ दीडपट-दुप्पट निघाला तर तेल वाटेत कुठेतरी अडते आहे किंवा गळते आहे. अशा वेळी नवा पंप बसवणे म्हणजे चाळणीत पाणी ओतणे.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी. ट्रॅक्टरचा पंप इंजिनाबरोबर फिरतो. माहितीपुस्तकात छापलेले लिटर हे इंजिनाच्या पूर्ण ठरलेल्या आरपीएमला असतात. डिझेल वाचवायला २००० च्या जागी १००० आरपीएमवर काम केले तर तेलही निम्मेच मिळणार. यंत्र बिघडले म्हणून आमच्याकडे आलेल्या काही स्प्लिटरचा आजार आम्ही नुसता थ्रॉटल ओढून बरा केला आहे.

दुसरी गोष्ट क्विक कपलर, म्हणजे होज ट्रॅक्टरला जोडायची झटपट जोडणी. तो 'खट्' आवाज करून बसला तरी आतला झडप-गोळा पूर्ण दबलेला असतोच असे नाही. अर्धवट उघडलेल्या कपलरमधून तेल शिट्टी मारत जाते आणि कपलर हाताला चटका देण्याइतका तापतो. होज गार आणि कपलर गरम, असे दिसले की चोर सापडला. तुंबलेला फिल्टरही हेच करतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ४० सेंमीचे ओंडके फोडताना दट्ट्या प्रत्येक वेळी पूर्ण ६० सेंमी मागे नेण्याचे कारण काय? आम्ही रॉडलगत एक सरकणारा अडथळा बसवून देतो. ओंडक्यापेक्षा चार बोटे जास्त जागा झाली की तो व्हॉल्व्हचा दांडा मोकळा करतो आणि दट्ट्या तिथेच थांबतो. जाण्या-येण्याचा जवळपास चौथा भाग वेळ वाचतो, पंपाला हातही न लावता.

एवढे करूनही वेग पुरत नसेल, तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा वेगळा पंप बसवता येतो. पीटीओ ५४० आरपीएमला फिरतो आणि साधा गिअर पंप त्या चालीला फारसे तेल देत नाही. म्हणून मध्ये वेग तिप्पट करणारा गिअरबॉक्स घालतात. एकदा फिरताना ३७ सीसी तेल देणारा पंप मग मिनिटाला सुमारे ६० लिटर देतो. वरची साडेसोळा सेकंदांची फेरी सव्वाआठवर येते. पण त्याला ताकद लागते. ६० लिटर तेल १८० बारला ढकलायचे तर नुकसान धरून पीटीओवर २८ अश्वशक्ती हवी. लहान ट्रॅक्टरवर गाठाळ ओंडका आला की इंजिन मान टाकेल. पंप-गिअरबॉक्स शाफ्टवर बसतो, त्याला फिरू न देणारी साखळी लावावी, पण ती किंचित ढिली ठेवावी. घट्ट बोल्टने जखडला तर बेअरिंग जाते. टाकीत निदान एका मिनिटात फिरणाऱ्या तेलाइतके तेल हवे, नाहीतर ते गार व्हायला उसंत मिळत नाही.

इथे आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका यंत्रावर आम्ही दुप्पट पंप बसवला आणि परतीचा अर्धा इंची होज तसाच ठेवला. दट्ट्या मागे जाताना बाहेर पडणारे तेल पंपाच्या तेलापेक्षा जास्त असते: ६० लिटर आत, तर ८० लिटर बाहेर. एवढे तेल अर्ध्या इंचातून कसे जाणार? येण्याचा वेळ जेमतेम कमी झाला आणि तासाभरात टाकीवर हात ठेववेना. एक इंची होज आणि मोठ्या वाटेचा व्हॉल्व्ह लावल्यावर गाडी रुळावर आली. तेव्हापासून पंपाबरोबर परतीचा होज बदलल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.

ट्रॅक्टरची ताकद कमी असेल तर रीजनरेटिव्ह व्हॉल्व्ह पाहा. दट्ट्या पुढे जाताना रॉडच्या बाजूचे तेल टाकीत न सोडता हा व्हॉल्व्ह ते पुन्हा पुढच्याच बाजूला वळवतो. आपल्या उदाहरणात ३० लिटरवरच जाण्याचा वेळ साडेनऊवरून अडीच सेकंदांच्या आत येतो. त्या वेळी जोर मात्र साडेतीन टनांच्या आसपास उरतो. कठीण लाकूड लागून दाब चढला की व्हॉल्व्ह आपोआप नेहमीच्या चालीवर येतो आणि पूर्ण १४ टन मिळतात. सरळ धाग्याचे लाकूड फोडणाऱ्यांना याचा फार फायदा. सगळेच ओंडके गाठींचे असतील तर हे पैसे वाचवा.

दोन टप्प्यांचा पंपही हेच साधतो: हलक्या दाबाला भरपूर तेल, दाब चढला की थोडे. तो मुळात लहान इंजिनांसाठी आहे. भक्कम ट्रॅक्टर असेल तर आम्ही सहसा सुचवत नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे लहान सिलिंडर. ८० मिमी बोअरला जाण्याचा वेळ सहा सेकंद, जोर नऊ टन. ओंडके मध्यम असतील तर खुशाल घ्या. पाचर बोथट असेल तर मात्र आधी तिला धार लावून घ्या.

वेग वाढला की हात काढायला मिळणारा वेळ घटतो. म्हणून फोडण्याच्या दिशेला व्हॉल्व्हचा दांडा अडकून राहील अशी सोय आम्ही करत नाही, फक्त परतीच्या दिशेला करतो. दांडा चालवणाऱ्यानेच ओंडका ठेवावा. एकाने ठेवायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, असे नको. पीटीओ शाफ्टचे कव्हर काढू नका. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीत घुसते आणि मग थेट शस्त्रक्रियेची वेळ येते.

आमच्याकडे येताना किंवा फोन करताना बोअर, रॉडची जाडी, स्ट्रोक, ट्रॅक्टरची अश्वशक्ती आणि घड्याळावर मोजलेले दोन्ही वेळ लिहून आणा. कपलर तापत असेल तर तेही सांगा.