वार परतवणं वेगळं, वचपा काढणं वेगळं

'आधी त्याने मारलं, मग मी मारलं, म्हणजे स्वसंरक्षण.' हा हिशेब गावच्या पारापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे चालतो. फक्त सत्र न्यायालयात चालत नाही. आधी हात कोणी उचलला हे बघितलं जातंच, पण त्याहून बारकाईने बघतात ते हे, की तुमचा हात उठला त्या क्षणी समोरून काय येत होतं. काहीच येत नसेल, तर आधी दहा फटके खाल्लेले असले तरी तुमचा अकरावा फटका हा बचाव ठरत नाही.

घोळ होतो तो दोन गोष्टींमध्ये. एक आहे खासगी संरक्षणाचा हक्क, ज्याला आपण स्वसंरक्षण म्हणतो. दुसरा आहे गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, म्हणजे कोणी अचानक डिवचल्याने स्वतःवरचा ताबा सुटणं. पहिल्याच्या मुळाशी भीती असते, दुसऱ्याच्या मुळाशी राग. बातम्यांत मात्र 'रागाच्या भरात स्वसंरक्षणार्थ वार केले' असं एका दमात लिहून मोकळे होतात. असं वाक्य पोलिसांसमोरच्या जबाबात आलं तर आरोपीच्या वकिलाने कपाळावर हात मारून घ्यावा, अशी परिस्थिती होते.

स्वसंरक्षण बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते भराभर सांगतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते कलम ९६ ते १०६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ३४ ते ४४ मध्ये आहे आणि आशय जवळपास जसाच्या तसा आहे. स्वतःच्या शरीरासाठी हा हक्क आहे तसाच दुसऱ्याच्या शरीरासाठीही आहे, मालमत्तेसाठीही आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा मोजक्या प्रसंगांत (कलम ३८) हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही. साध्या चापटीसाठी ती मुभा नाही. कलम ३७ या सगळ्याला लगाम घालतं: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

इथे व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'नवीन कायदा आला, कलम २३३ प्रमाणे बलात्कार करू पाहणाऱ्याला ठार मारायचा अधिकार महिलांना मिळाला' असा तो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. जुन्या दंड संहितेतलं कलम २३३ खोटी नाणी पाडायच्या हत्यारांबद्दल होतं! आणि तो अधिकार कोणी नव्याने दिलेला नाही, १८६० पासून आहे. पुढे ढकलणारे लोक शिकलेसवरलेले असतात, हे विशेष.

आणखी दोन गैरसमज उभ्या उभ्या निकालात काढू. पहिला: काठीला काठी, चाकूला चाकू. म्हणजे समोरच्याकडे काठी असेल तर तुम्ही भाला घ्यायचा नाही. देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९७० च्या दशकातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. डोक्यावर लाठी बसली तर माणूस मरू शकतो. त्यामुळे भीती लाठीच्या लांबीवरून मोजायची नसते. दुसरा: 'तो पळून का गेला नाही?' आपल्या कायद्यात हल्ला झाला की आधी पाठ दाखवून पळालंच पाहिजे, अशी सक्ती नाही. हा प्रश्न उलटतपासणीत आरोपीला घाबरवायला बरा असतो, एवढंच.

आता प्रक्षोभ. याच्यासाठी महाराष्ट्राला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजांच्या ऑफिसात आणि मग घरी गेले. तिथे गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

लोकांच्या डोक्यात ही केस 'राग आला म्हणून मारलं' अशी बसली आहे. पण नानावटींचा मुख्य बचाव वेगळाच होता: रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. तो न्यायालयाने मानला नाही. मग पर्यायी मुद्दा उरला, तो प्रक्षोभाचा. न्यायालयाने घड्याळ पाहिलं. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलं, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. मधल्या वेळात माणसाने बायकामुलांची सोय लावली, जहाजावर कागदोपत्री व्यवहार केला, आहुजांना ऑफिसात शोधलं. प्रक्षोभ गंभीर असेल, पण डोकं थंड व्हायला वेळ मिळाला होता. म्हणून खुनाचा गुन्हा कायम.

समजा वेळ मिळाला नसता आणि प्रक्षोभ सिद्ध झाला असता, तरी नानावटी सुटले नसते. इथेच लोक ठेचकाळतात. प्रक्षोभाने गुन्हा पुसला जात नाही, तो खुनावरून सदोष मनुष्यवधावर येतो. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधाला आज कलम १०५ खाली, ठार मारायचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं. हेतू नसून फक्त परिणामाची जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे सुटका नाही, सवलत आहे. स्वसंरक्षण सिद्ध झालं तर मात्र गुन्हा घडलाच नाही असं धरतात. माणूस त्या प्रकरणातून पूर्ण मोकळा.

आता खरा गुंता. एकाच भांडणात, त्याच दोन माणसांत, एका मिनिटाच्या आत तुम्ही भीतीतून रागात जाऊ शकता, आणि कायदा त्या मिनिटाचे तुकडे करून बघतो.

रात्री दोन वाजता कोयता घेऊन एक माणूस तुमच्या घरात शिरला असं धरा. तो वार करतो, तुम्ही हाताला आलेला पाटा उचलून त्याच्या डोक्यात घालता. तो मेला तरी हे स्वसंरक्षण. फार विचार करायची गरज नाही.

आता असं धरा, की तो मेला नाही, पडला. कोयता हातातून सुटून दोन हातांवर गेला आणि तो सरपटत त्याच्याकडे जातोय. तुम्ही दुसऱ्यांदा पाटा घातलात. हेही स्वसंरक्षणच, माझ्या मते निःसंशय. भीती संपलेली नाही. 'पडलेल्याला मारलं' एवढंच पुढे करणारे सरकारी वकील त्या खोलीत उभे नव्हते. इथे १९५२ चा अमजद खान खटला आठवावा. कटनीला मार्च १९५० मध्ये दंगल झाली, जमावाने शेजारचं भावाचं दुकान लुटलं आणि अमजद खान यांच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत बायकामुलं होती. त्यांनी दोन गोळ्या झाडल्या, एकजण मेला, तिघे जखमी झाले. जमाव अजून आत शिरला नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दार तुटायची वाट बघत बसायला कायदा सांगत नाही, आणि अशा वेळी माणसाने सोन्याच्या काट्यावर बळ तोलावं अशी अपेक्षाही करत नाही. कलम ४० हेच म्हणतं: वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू, मग गुन्हा अजून घडला नसला तरी.

पण त्याच कलमाचं दुसरं अर्धं लोक वाचत नाहीत. भीती आहे तोवर हक्क आहे. भीती गेली की हक्क गेला.

तिसरा तुकडा असा. त्याने कोयता टाकला, कुंपणावरून उडी मारली आणि तो रस्त्याने पळतोय. तुमच्या खांद्यातून रक्त येतंय, घरातली सगळी रडताहेत, तुम्ही तो कोयता उचलता आणि चौकापर्यंत पाठलाग करून त्याच्या पाठीत घालता. इथे स्वसंरक्षण संपलेलं आहे. दोन मिनिटांपूर्वी तुम्ही त्याला मारलं असतंत तर सुटला असतात, आता तोच माणूस, तोच कोयता, आणि तुम्ही आरोपी. अन्याय वाटतो ना? मलाही सुरुवातीला वाटायचा. पण हक्क त्या माणसाला शिक्षा करायला दिलेलाच नाही, येणारा वार अडवायला दिला आहे. वार यायचा थांबला की अडवायला काही उरत नाही. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी जय देव विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे स्वच्छ मांडलंय: धोका नाहीसा झाला किंवा हल्लेखोर पळाले, की हा हक्क वापरायचा प्रसंगच उरत नाही.

चौकातल्या त्या वारासाठी वकील आता प्रक्षोभाकडे वळतो. तो मिळू शकतो, कारण वेळ गेलेला नाही, रक्त गरम आहे. हाच पाठलाग तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चार मित्र गोळा करून केलात, तर तोही गेला. तेव्हा ते नानावटींच्या घड्याळासारखं होतं, उलट त्याहून वाईट, कारण चार मित्र म्हणजे कट.

मात्र प्रत्येक पाठ दाखवणारा पळतच असतो असं नाही. तो गाडीतून पिस्तूल आणायला चाललाय किंवा बाहेरच्या साथीदारांना हाक मारतोय, असं मानायला खरोखर कारण असेल तर भीती चालूच असते. म्हणून 'वार पाठीवर आहे, म्हणजे स्वसंरक्षण नाही' हा शवविच्छेदनाच्या अहवालावरून काढलेला झटपट निष्कर्षही तितकाच आळशी. जखमेची जागा एक पुरावा आहे, निकाल नाही.

मालमत्तेचं गणित थोडं निराळं, आणि पाठलाग करणाऱ्यांना तिथे जास्त वाव आहे. चोर तुमची वस्तू घेऊन पूर्ण निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा वस्तू परत हातात येईपर्यंत तुम्ही त्याला अडवू शकता, धरू शकता, गरजेपुरतं बळ वापरू शकता (कलम ४३). पण नुसत्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. जीव घेण्यापर्यंतची मुभा दरोड्यासारखी जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जिवाची भीती घालणारी चोरी अशाच प्रसंगी. मोबाइल पळवणाऱ्या पोराला गर्दीने धरून खांबाला बांधलं आणि मग अर्धा तास बदडलं, हे यातल्या कशातच बसत नाही. बांधलेल्या माणसापासून बचाव कसला? मग त्याला 'जनतेचा न्याय' म्हणा नाहीतर आणखी काही, ते भारतीय न्याय संहितेच्या वेगळ्याच प्रकरणात, गुन्ह्यांच्या, जातं.

स्वसंरक्षण आणि प्रक्षोभ या दोघांच्या मधोमध एक तिसरं आहे आणि त्याच्याशीही गल्लत होते: बचावात मर्यादा ओलांडणं. कलम १०१ च्या अपवादांत प्रक्षोभाच्या शेजारीच ते बसलंय. कायद्यानेच दिलेलं उदाहरण आहे: एकजण चाबकाने फटके मारू पाहतोय, पण जबर दुखापत होईल असे नाहीत. दुसरा पिस्तूल काढतो. पहिला थांबत नाही. दुसऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं की दुसरा उपाय नाही, आणि तो गोळी घालतो. खून नाही, पण सदोष मनुष्यवध. शिक्षा प्रक्षोभाएवढीच, कारण मात्र उलटं. इथे माणूस बचावच करत होता, हक्क जिवंत होता, फक्त प्रमाण चुकलं. चौकातल्या पाठलागात हक्कच संपलेला होता. 'मर्यादा ओलांडली' हा शब्दप्रयोग पाठलागासाठी वापरणारे वार्ताहर आणि काही वकीलही मला चक्रावून टाकतात. जो हक्क संपला त्याची मर्यादा कशी ओलांडणार?

आणि एक बारीक गोम. ज्याच्यावर तुम्ही हल्ला केलात त्याने स्वसंरक्षणार्थ तुम्हाला मारलं, तर त्या माराने मला संताप आला म्हणून मी त्याला संपवलं, असं म्हणता येत नाही. कायदेशीर बचाव हा प्रक्षोभ म्हणून मोजायचा नाही, असं कलमातच लिहिलंय. दंगा उकरून काढणाऱ्यांची ही आवडती पळवाट आधीच बुजवलेली आहे.

राहता राहिला पुरावा. स्वसंरक्षण सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८), पण ती सरकारी पक्षासारखी शंकेपलीकडे पेलावी लागत नाही. जास्त शक्यता बचावाची दिसते, एवढं पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही दाखवता येतं. यात सगळ्यात बोलका पुरावा असतो तो आरोपीच्या स्वतःच्या अंगावरच्या जखमा. त्या कशा झाल्या याचा खुलासा सरकारी पक्ष देऊ शकला नाही, तर त्याची कथा डळमळते. पण नेमकं हेच लोक घालवतात. मार खाल्लेला माणूस घरी जाऊन हळद लावतो, शर्ट धुवायला टाकतो, आणि तिसऱ्या दिवशी अटक झाल्यावर 'माझ्यावरही वार झाले होते' म्हणतो. तोवर जखम सुकलेली, शर्ट धुतलेला. त्याच रात्री सरकारी रुग्णालयात जाऊन जखमांची नोंद करून घ्या, शर्ट न धुता पोलिसांकडे द्या, आणि ठाण्यात आपली फिर्याद आपणच द्या, समोरच्याने आधी दिलेली असली तरी.