इक्सी की आयव्हीएफ? गोठवलेल्या भ्रूणांचा हिशेब

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्याच्या हाती खर्चाचा कागद येतो, तेव्हा त्यात बहुधा ‘इक्सी’ची (शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची) रक्कम ‘आयव्हीएफ’पेक्षा (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत फलन घडवण्यापेक्षा) जास्त असते, आणि जास्त पैसे मोजले की मूल होण्याची शक्यताही वाढेल, असे कुणालाही वाटते. हा समज तपासून घ्यायला हवा, कारण आता अनेकदा भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवतात, आणि तिथे आकडे वाचताना हमखास गफलत होते.

नेहमीच्या आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजाभोवतीचे पेशींचे वेष्टन तसेच ठेवून त्याच्या आसपास हजारो शुक्राणू सोडतात आणि त्यांतला एक स्वतःच्या बळावर आत शिरतो. इक्सीत ते वेष्टन आधी उतरवतात. मग जेमतेम एक दशांश मिलिमीटर व्यासाचे बीज काचेच्या नळीच्या तोंडाशी हलक्या शोषणाने धरून ठेवतात, निवडलेल्या शुक्राणूची शेपटी सुईने दाबून त्याची हालचाल थांबवतात आणि केसाहून कितीतरी बारीक अशा त्याच सुईने त्याला बीजाच्या आत सोडतात. ब्रुसेल्समध्ये जानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या तंत्राने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. शुक्राणू अगदी थोडे किंवा फारच दुर्बल असलेल्या पुरुषांसाठी ते खरोखर वरदान ठरले.

पण शुक्राणू ठीक असतील तर? व्हिएतनाममध्ये अशा १,०६४ जोडप्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या भ्रूणरोपणानंतर इक्सीच्या गटात ३५ टक्के आणि आयव्हीएफच्या गटात ३१ टक्के जोडप्यांना मूल झाले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. शुक्राणूंमध्ये तीव्र नसलेला दोष असलेल्या जोडप्यांवरील चिनी अभ्यासात, २०२४ मध्ये, पारडे उलट झुकले: इक्सी ३३.८ टक्के, आयव्हीएफ ३६.६ टक्के.

गोठवलेल्या भ्रूणांची तुलना करताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फलन झाले की नाही हे सोळा-अठरा तासांनी दिसते. त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बरेच भ्रूण वाढ थांबून गळतात. उरलेले बर्फाचे स्फटिक बनू न देता झटक्यात थंड करून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. (कोलकात्याचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याचे १९७८ मध्येच सांगितले होते. त्यांच्यावर त्या वेळी विश्वास ठेवला गेला नाही, याची खंत आजही वाटते.) इतक्या चाळण्यांतून तरलेला भ्रूण सुईने घडला की शुक्राणूच्या स्वतःच्या धडपडीने, याने रोपणाच्या यशात फारसा फरक पडत नाही. मात्र ज्या जोडप्याचे एकही बीज फलित झाले नाही, ते रोपणाच्या या हिशेबात मुळी येतच नाही. इक्सीचा खरा उपयोग नेमका तिथेच, फलन साधण्यात आहे. म्हणून यशाचे प्रमाण दर रोपणामागे मोजले की दर जोडप्यामागे, हे विचारलेच पाहिजे.

रोपणाच्या वेळी जास्त महत्त्व असते ते बीज काढले तेव्हाच्या स्त्रीच्या वयाला, भ्रूणाच्या प्रतीला आणि प्रोजेस्टेरॉन (अस्तर गर्भासाठी तयार करणारे संप्रेरक) सुरू करून नेमके किती दिवस झाले, याला. पाळी नियमित असेल, तर गर्भाशयाचे अस्तर निव्वळ औषधांनी तयार करण्याऐवजी नैसर्गिक चक्रात रोपण करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात उरणारी पीतग्रंथी निव्वळ औषधांच्या चक्रात नसते, आणि अशा चक्रातील गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक आढळला आहे.