रेनेसाँ फेअर आणि तेथील तलवारबाजार

रेनेसाँ फेअर : सोळाव्या शतकातल्या, म्हणजे रेनेसाँ अर्थात प्रबोधनाच्या काळातल्या इंग्लंडचा, विशेषतः पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळाचा देखावा उभा करून अमेरिकेत भरवली जाणारी हंगामी जत्रा. ती बहुधा शनिवार-रविवारीच भरते आणि काही आठवडे चालते. तिकीट काढून आत गेले की राजाराणीची मिरवणूक, घोडेस्वारांची भालाझुंज, विदूषक, वादक, बिअरचे ठेले आणि कारागिरांच्या दुकानांच्या रांगा लागतात. त्यांत तलवारींची दुकाने थोडीच असतात, पण तिथली गर्दी हटत नाही. मेणबत्त्या, चामड्याचे पट्टे, मातीची भांडी हा माल हातात घेऊन पारखता येतो. तलवारीचे मर्म मात्र मुठीच्या आत आणि पोलादाला दिलेल्या पाण्यात असते. ते वरून दिसत नाही, आणि नवख्या गिऱ्हाइकाची फसगत होते ती इथेच.

नावावरून ही युरोपातली जुनी प्रथा वाटते, पण तिचा जन्म कॅलिफोर्नियातला. लॉस एंजलिसमध्ये आपल्या घराच्या अंगणात मुलांची नाटके बसवणाऱ्या फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने आणि तिचा नवरा रॉन याने मे १९६३ मध्ये नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दिवसांची जत्रा भरवली. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केपीएफके या रेडिओ केंद्रासाठी पैसे उभे करणे हा हेतू होता. कारखानी मालाला कंटाळून हातकामाकडे वळलेली त्या दशकातली तरुण पिढी या जत्रेला आयतीच मिळाली. पुढे ही जत्रा अनेकदा जागा बदलत गेली. सध्या ती लॉस एंजलिसजवळच्या अर्विंडेल येथे भरते. मिनेसोटात १९७१, टेक्ससमध्ये १९७४ आणि मेरीलँडमध्ये १९७७ साली अशाच जत्रा सुरू झाल्या. पेन आणि टेलर ही जादूगारांची प्रसिद्ध जोडी १९७५ मध्ये मिनेसोटाच्याच जत्रेत प्रथम एकत्र उभी राहिली.

बऱ्याच जत्रांनी आपापला प्रसंग ठरवून घेतला आहे. विस्कॉन्सिनमधली ब्रिस्टल जत्रा १५७४ साली एलिझाबेथ राणीने ब्रिस्टल बंदराला दिलेल्या भेटीचा देखावा करते. मेरीलँडमध्ये आठव्या हेन्रीचा दरबार असतो. इतिहासाशी इमान मात्र सैलच. दरबाराच्या शेजारी समुद्री चाचे, व्हायकिंग, पंखवाल्या पऱ्या आणि स्कॉटिश घागरे सुखाने नांदतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. हातात धरून खायची टर्कीची भाजलेली तंगडी ही या जत्रांची खूण. टर्की मूळचा अमेरिकेतला, पण सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो इंग्लंडला पोहोचला होता. तेव्हा निदान तो पक्षी तरी एलिझाबेथच्या काळाला चालतो. बटाट्याच्या तळलेल्या फोडींबद्दल तसे म्हणता येत नाही. नेहमी येणारे प्रेक्षक स्वतःच पोशाख करून येतात आणि अर्धे नट होऊन वावरतात. अशा माणसाचा पोशाख कमरेला तलवार लटकल्याशिवाय पुरा होत नाही, आणि बाजाराची मागणी मुख्यतः तिथून येते.

तलवारीच्या दुकानात एकाच फळीवर तीन वेगळ्या जातींचा माल मांडलेला असू शकतो. पहिली शोभेची तलवार, जिला शौकीन लोक ‘वॉलहँगर’ म्हणतात. हिचे पाते बहुधा स्टेनलेस स्टीलचे, आरशासारखे चकचकीत. ते गंजत नाही, पण लांब पात्याच्या कामाला ठिसूळ पडते. सुरीला जे पोलाद उत्तम, तेच हातभर पात्यात जोराच्या फटक्याने तुटू शकते. दुसरी नाटकातल्या किंवा सरावाच्या झुंजीची. हिची कड जाड व बोथट, टोक गोल केलेले, कारण पाते पात्यावर आपटायचे असते. तिसरी कापायची खरी तलवार, जास्त कार्बनच्या पोलादाची. पोलादावर लिहिलेले १०६०, १०७५, ५१६० असे आकडे त्याचा प्रकार सांगतात, पण आकडा चांगला म्हणून तलवार चांगली असे होत नाही. ते पोलाद किती तापवले, कशात विझवले आणि पुन्हा किती नरम केले, यावर सगळे अवलंबून. नीट पाणी दिलेले पाते वाकवून सोडले की सरळ होते. कमी पाण्याचे वाकलेलेच राहते, आणि विझवून नुसते कडक ठेवलेले मोडते.

दुसरी मेख मुठीत. पाते जिथे मुठीत शिरते त्या भागाला टँग म्हणतात. चांगल्या तलवारीत तो पात्याच्याच पोलादाचा, रुंद आणि मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असतो. टोकाच्या लट्टूतून बाहेर काढून ठोकून बसवलेला किंवा भक्कम आट्यांनी कसलेला. स्वस्त मालात पात्याच्या बुडाला बारीक सळई वेल्ड करून तिला नट लावलेला असतो. अशी तलवार जोराने फिरवली की सांधा निखळतो आणि पाते समोरच्याच्या दिशेने सुटते. भिंतीवर टांगायला ती निर्धोक आहे. अंगणात भोपळे कापायला घेतली तर नाही. मूठ न उघडता हे सगळे कळत नाही, तरी तलवार हलवून खडखड होते का ते ऐकावे आणि आडव्या परजेला ढिलाई आहे का ते चाचपावे. विक्रेत्याला पोलाद, पाणी व टँग यांबद्दल सरळ विचारावे. ज्याला माहीत असते तो थांबून, आनंदाने सांगतो. उत्तरादाखल फक्त ‘बॅटल रेडी’ हा शब्द मिळाला तर पुढच्या दुकानात जावे, कारण या शब्दामागे कोणतेही मानक नाही.

वजनाचा गैरसमज सगळ्यांत चिवट. मध्ययुगीन तलवार दहा-दहा किलोंची असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एका हाताची तलवार साधारण एक ते सव्वा किलोची आणि दोन्ही हातांनी धरायची लाँगसोर्ड दीडेक किलोची असे. जर्मन भाडोत्री सैनिकांच्या प्रचंड दोनहाती तलवारीही दोन ते साडेतीन किलोंच्या आसपास भरतात. म्हणून हातात घेताच जड, टोकाकडे ओढणारी तलवार ‘खरीखुरी’ वाटली तर ती शंकेची जागा समजावी. जुने कारागीर पाते मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ करत नेत, त्यामुळे तोल मुठीजवळ येई. सपाट पट्टी कापून बनवलेल्या नकलेत नेमके हेच राहून जाते. पात्यावरची उभी पन्हळ रक्त वाहून जावे म्हणून असते, ही दुकानात हमखास ऐकू येणारी गोष्टही खोटी. ती वजन घटवून ताठपणा राखण्यासाठी असते.

दर्जाप्रमाणे किमतींतले अंतर मोठे. शोभेची तलवार शंभर डॉलरच्या आत मिळते. विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसच्या ‘अल्बियन’सारख्या कारखान्याची, संग्रहालयांतल्या मूळ तलवारी मोजून-तोलून घडवलेली एक तलवार हजार डॉलरच्या वर जाते. मधल्या पट्टीतला बराच माल आशियात तयार होतो. ‘विंडलास स्टीलक्राफ्ट्स’ ही १९४३ मध्ये स्थापन झालेली डेहराडूनची कंपनी, एके काळी गुरखा पलटणींना खुकरी पुरवणारी, आज युरोपीय तलवारींच्या नकला अमेरिकेला पुरवणाऱ्या मोठ्या उत्पादकांपैकी आहे. ट्यूडर, म्हणजे हेन्री-एलिझाबेथच्या घराण्याच्या काळच्या पोशाखातल्या विक्रेत्याने बनावट इंग्रजी थाटात हाती दिलेली ‘इंग्लिश’ तलवार उत्तराखंडात ठोकलेली असण्याचा संभव म्हणूनच बराच. उलट दिशेची वाटही जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांमार्फत आलेली सरळ युरोपीय पाती दख्खनेत देशी मुठी बसवून वापरली जात. मराठ्यांची ‘फिरंग’ ती हीच. म्हणजे रेनेसाँ काळातले अस्सल पाते पाहायचे तर ते जत्रेपेक्षा आपल्याकडच्या एखाद्या शस्त्रसंग्रहात सापडण्याची शक्यता अधिक.

जत्रेत शस्त्र आणता येते, विकत घेता येते, पण उपसता येत नाही. बहुतेक जत्रांच्या दारावर तपासनीस मूठ आणि म्यान प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा दोरीने एकत्र बांधतात. याला ‘पीस-टाय’ म्हणतात. आत घेतलेली तलवारही विक्रेता बांधून किंवा गुंडाळूनच देतो. हा नियम आधुनिक विम्याच्या भीतीतून आला असला तरी प्रसंगाला शोभतो. खुद्द एलिझाबेथच्या राज्यात १५६० च्या दशकातल्या फर्मानांनी पात्याची लांबी एक यार्ड आणि अर्धा पाव, म्हणजे सुमारे १०३ सेंटिमीटर, एवढी बांधून दिली होती. तरुण सरदारांच्या रेपियर, म्हणजे बारीक पात्याच्या तलवारी, लांबीने वाढतच चालल्या होत्या.

जाणते लोक सकाळी सगळी दुकाने फिरून घेतात आणि खरेदी संध्याकाळी करतात. दिवसभर गर्दीत चार फुटी ओझे सांभाळणे त्रासाचे, आणि मागितल्यास बरेच विक्रेते पैसे भरलेला माल दुकानातच ठेवून घेतात. म्यान किमतीत धरलेले आहे का, धार लावून मिळते की वेगळे पैसे पडतात, हे आधी विचारावे. अनेक तलवारी बोथटच विकल्या जातात. घरी नेल्यावर कार्बन पोलादाला बोटांच्या घामाचे डाग दोन दिवसांत गंज बनून दिसतात, म्हणून पाते पुसून तेलाचा हात फिरवतात. तलवार कायम चामड्याच्या म्यानात ठेवणे हा सर्रास होणारा अपराध. कमावलेल्या चामड्यातली द्रव्ये आणि ओल पात्याला आतून खातात.

कमरेला तलवार लावून जत्रेबाहेर पडताना कायदा बदलतो, तोही प्रत्येक राज्यात निराळा. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०१७ पासून प्रौढ व्यक्तीला, शाळांसारखी काही ठिकाणे सोडून, तलवार उघडपणे बाळगता येते. कॅलिफोर्नियात काठीत लपवलेली गुप्ती बाळगणेच गुन्हा आहे. अमेरिकेतल्या विमानात तलवार फक्त सामानकक्षात देता येते, तीही धार व टोक नीट गुंडाळून. भारतात आणायची झाल्यास अडचण मोठी : १९५९ च्या शस्त्र अधिनियमात धारदार शस्त्रेही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात आणि त्याच्या दहाव्या कलमानुसार परवान्याविना शस्त्र देशात आणता येत नाही. न्यू जर्सीहून किंवा ह्यूस्टनहून भाच्यासाठी भेट म्हणून पाठवायची वस्तू ती नव्हे.